मुरूडचे अण्णा कर्वे आणि हिंगणे गाव

मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य तडीस गेले. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या जिल्ह्यातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे अशी समितीची इच्छा होती. आपला रत्नागिरी जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. नावे आठवू लागलो तर पाने पुरणार नाहीत. तथापि देऊळ, गाव आणि वर्गणी या तिन्ही गोष्टींशी ज्यांच्या आयुष्याची गाठ पडली, आणि ज्यांच्यामुळे एका परक्या गावाचे नावही बदलून गेले, असे एकच नाव माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. ते म्हणजे दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजेच भारतरत्न महर्षी अण्णासाहेब कर्वे.

अण्णांनी स्त्रीशिक्षणासाठी काय केले हे शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी वाचलेले आहे. परंतु एका कोकणी गावाने त्यांना घडवले, त्याच गावाने त्यांना दूर लोटले, आणि पुण्याजवळच्या एका लहान गावाने त्यांना जागा दिली, ही हकिकत तितकीशी कोणी सांगत नाही. त्या लहान गावाचे नाव हिंगणे बुद्रुक. आज ते पुणे शहराच्या पोटात गेले आहे आणि लोक त्याला कर्वेनगर म्हणून ओळखतात. गावे शहरात कशी विरून जातात आणि विरून गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न आज आपल्यालाही पडावा असा आहे. म्हणून ही हकिकत जरा विस्ताराने देत आहे.

मुरूडचे बालपण

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या आजोळी, खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला. घर मात्र मुरूडचे. समुद्राकाठी वसलेले, मधून सरळ रस्ता आणि दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या असलेले हे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे निराळे वर्णन सांगायला नको. वडील केशवपंत आणि आई लक्ष्मीबाई. घराण्याने पूर्वी बरे दिवस पाहिले होते, पण अण्णांच्या जन्मापर्यंत ते सरले होते. वडिलांची नोकरी लहान, मिळकत बेताची. तरी घरातला स्वाभिमान गेलेला नव्हता. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती, तेव्हा ती आणायला जाण्याचा हट्ट मुलांनी धरला. आईने साफ नकार दिला. घरात चणचण होती, मिळणारा पैसा उपयोगी पडला असता, पण स्वतःसाठी हात पसरायचा नाही ही शिकवण मुलांना त्या दिवशी मिळाली. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर दारोदार वर्गणी मागितली त्याच्या लहानपणची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्यांसाठी मागताना ते कधी लाजले नाहीत, कारण स्वतःसाठी त्यांनी कधी मागितले नव्हते.

गावच्या शाळेत सोमण मास्तर म्हणून एक शिक्षक होते. नुसते धडे शिकवून थांबणारे ते नव्हते. गावात वर्तमानपत्र यावे, लोकांना जगात काय चालले आहे ते कळावे, अशी त्यांना तळमळ. वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ. तेव्हा गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोक जमत आणि धोंडू त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. लाजाळू, बुजरा मुलगा, चार माणसांत बोलताना ज्याचा आवाज फुटत नसे, तो देवीसमोर बसून गावाला वाचून दाखवू लागला. सार्वजनिक कामाचा पहिला धडा अण्णांना असा देवळात मिळाला. देऊळ म्हणजे नुसती आरती आणि नैवेद्याची जागा नव्हे; गावाने एकत्र बसून शहाणे होण्याचीही ती जागा आहे. आपल्या नव्या सभामंडपाकडे पाहताना ही आठवण जरूर व्हावी.

सातारची पायपीट

त्या काळी सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून साधी मास्तरकीही मिळत नसे. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी अण्णा आपल्या सोबत्यांबरोबर साताऱ्यास निघाले. पावसाचे दिवस; आगबोटी पावसाळ्यात बंद. पाठीवर बोचके घेऊन मुलांनी पायी वाट धरली. नद्या-ओढे ओलांडीत, कुंभार्लीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक मजल मारून ही पोरे साताऱ्यास पोहोचली. अंगाने किरकोळ असलेल्या अण्णांकडे पाहून परीक्षक मंडळींना वाटले की या मुलाचे वय सतरा भरत नाही. वयाचा दाखला जवळ होता, पण तो मानला गेला नाही. परीक्षेला न बसताच अण्णांना परत फिरावे लागले.

आज एस.टी.त बसून घाट उतरताना आपण डुलक्या घेतो. त्या मुलाने तो घाट पायी चढला आणि हात हलवीत पायी उतरला. कोणीही म्हटले असते की नशिबात नाही. अण्णांनी तसे म्हटले नाही. पुढे ते रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत काही काळ राहिले, मग मुंबईस रॉबर्ट मनी स्कूलमध्ये गेले, १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. वयाची सव्विशी उलटली होती. पंधराव्या वर्षी लग्न होऊन पत्नी राधाबाई घरात आल्या होत्या, १८८२ साली मुलगा रघुनाथही झाला होता. मुंबईत शाळांमधून शिकवणे आणि पहाटेपासून शिकवण्या, असा त्यांचा दिवस असे.

मुरूड फंड

येथे मुंबईकर चाकरमानी मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. पोटासाठी गाव सोडलेल्या अण्णांनी १८८६ साली मुरूड फंड नावाची योजना काढली. नोकरीधंद्यानिमित्त बाहेर असलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून रुपयामागे अगदी लहानसा वाटा गावासाठी बाजूला ठेवावा, आणि साठलेल्या रकमेतून गावाच्या हिताची कामे व्हावीत, अशी ही कल्पना. एकाने एकदम मोठी रक्कम द्यायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा हा मामला नव्हता. ज्याची मिळकत लहान त्याचा वाटा लहान, पण वाटा प्रत्येकाचा.

आज प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ असते, त्याची पावतीपुस्तके असतात, गणपती-शिमग्याला वर्गणी जमते. या देवळाचे कामही पुष्कळसे अशाच वर्गणीवर झाले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुरूडच्या एका गरीब मास्तराने हाच मार्ग दाखवला होता. पैशाचा हिशेब चोख ठेवायचा, दिलेला प्रत्येक आणा कोठे गेला ते देणाऱ्याला दिसले पाहिजे, हा त्यांचा बाणा पुढे हजारो-लाखोंचे व्यवहार हाती आले तेव्हाही सुटला नाही.

पुनर्विवाह आणि गावाचा बहिष्कार

१८९१ हे वर्ष अण्णांच्या आयुष्यात दुःखाचे आणि बदलाचे ठरले. राधाबाई वारल्या. त्याच वर्षी नामदार गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वय तेहतीस. त्या काळच्या रीतीप्रमाणे नऊ-दहा वर्षांची मुलगी पाहून दुसरे लग्न लावणे सहज शक्य होते. घरच्यांचीही तशीच अपेक्षा होती. अण्णांनी ठरवले की लग्न करीन तर विधवेशी करीन, नाहीतर करणार नाही.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई, मूळची देवरुखची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच कपाळ पांढरे झाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तेथे शिकायला गेलेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णांचा आणि गोदूबाईंचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे आश्रमात आणि घरात त्यांना सगळे बाया म्हणत.

ही बातमी मुरूडला पोहोचली. गावकऱ्यांची सभा भरली आणि अण्णांवर बहिष्कार पडला. ज्या बैठकीत कर्वे असतील तेथे कोणी बसायचे नाही, आणि आई-भावांनी त्यांना घरात घेतले तर त्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. ज्या मुलाने गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवले, ज्याने गावासाठी फंड काढला, त्याला गावी आल्यावर स्वतःच्या घरी आईच्या पंगतीला बसता येईना. म्हातारी आई, थोरला भाऊ, बहीण, सगळ्यांनाच त्याचा जाच झाला. अण्णांना स्वतःच्या अपमानापेक्षा आईच्या डोळ्यांतले पाणी अधिक लागले असेल, हे सांगायला नको.

ही हकिकत देवळाच्या स्मरणिकेत द्यावी की न द्यावी, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी वाटले, द्यावी. कारण मुरूडच्या त्या गावकऱ्यांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ती माणसे दुष्ट नव्हती. देवाला भिणारी, रीत पाळणारी, अडल्या-नडल्याला धावून जाणारीच होती. त्या काळी कोकणातल्या कोणत्याही गावात हेच झाले असते. आपल्या गावातही झाले असते. बहिष्कार, वाळीत टाकणे हे प्रकार आपल्या जिल्ह्यातून अगदी समूळ गेले असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? गावाची एकी ही मोठी शक्ती आहे. तिने देवळे उभी राहतात, विहिरी खणल्या जातात, पाखाड्या बांधल्या जातात. पण तीच एकी एका माणसावर उलटली तर ती काय करते, तेही या हकिकतीत दिसते.

अण्णांनी गावाला उलट शिव्या दिल्या नाहीत. गावाशी भांडण मांडले नाही. जे करायचे ते शांतपणे करीत राहायचे आणि लोकांना वेळ द्यायचा, हा त्यांचा स्वभाव. त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहाला साह्य करणारी मंडळी त्यांनी स्थापन केली. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की नुसत्या लग्नांनी प्रश्न सुटणार नाही. बाईला शिक्षण मिळाले, चार पैसे मिळवण्याचे साधन हाती आले, तरच ती कोणाच्या दारात अन्नाला मिंधी राहणार नाही. म्हणून १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. स्वतःची साठवलेली पुंजी, आणि पुढे पाच हजारांची विम्याची पॉलिसीही, त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली.

हिंगण्याची झोपडी

आश्रम काढला, पण जागा कोठे? शहरात विधवांना एकत्र ठेवून शिकवणे म्हणजे रोजची टीका आणि टवाळी. त्यातच प्लेगाच्या साथीने पुणे शहर हैराण झालेले. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत होते. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथील आपली सहा एकर जमीन आश्रमाला दिली आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला.

हिंगणे बुद्रुक म्हणजे त्या वेळी मुठा नदीच्या काठचे, कोथरूडच्या पलीकडचे, शेतीवाडीचे लहानसे गाव. पुण्यापासून सुमारे चार मैल. धड रस्ता नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात उघडा माळ, रात्री कोल्हेकुई. अशा जागी मातीच्या भिंतींची एक झोपडी आणि तीत शिकायला आलेल्या काही विधवा मुली.

अण्णा दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जात. खांद्यावर भाजीपाला, किराणा, कधी मुलींसाठी पुस्तके. रात्री आश्रमात थांबायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पायी कॉलेजात हजर व्हायचे. पाऊस असो की थंडी, हा क्रम त्यांनी पुष्कळ काळ चालवला. सातारची वाट तुडवलेल्या पायांना हे चार मैल जड गेले नाहीत.

एकट्या अण्णांचेच कौतुक करून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. घरी बायांनी जे सोसले ते मोजता येणार नाही. नवऱ्याने पुंजी आश्रमाला दिलेली, घरात मुले वाढणारी, आणि नातेवाइकांनी दारे बंद केलेली. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, घराला हातभार लावला, आणि प्रसंगी नवऱ्याला खडे बोलही सुनावले. त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना या बाईचा रोखठोक स्वभाव ठाऊक आहे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, ऐन तारुण्यात विधवा झालेली, तीही देवरुखचीच. तिने केशवपन झालेल्या अवस्थेत आश्रमाच्या कामाला वाहून घेतले, गावोगाव वर्गणी गोळा केली आणि १९१८ साली, इंग्रजी फारसे येत नसता, आश्रमासाठी थेट अमेरिका गाठली. आपल्या जिल्ह्यातील देवरुखच्या एका घरातील या दोन भगिनींची आठवण अण्णांच्या नावाबरोबरच ठेवली पाहिजे.

आश्रमावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. सनातनी म्हणत की येथे विधवांची लग्ने लावण्याचा डाव आहे. सुधारक म्हणत की अण्णा भितात, आश्रमात पुनर्विवाहाचे नाव काढत नाहीत. खरी गोष्ट अशी की अण्णांनी आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचे काम जाणूनबुजून वेगळे ठेवले. आईबापांनी विश्वासाने मुली पाठवाव्यात, त्यासाठी हे केले. शिवाय आरंभीचा आश्रम मुख्यतः वरच्या मानल्या गेलेल्या जातींतील विधवांपुरता राहिला, ही त्याची मर्यादा होती. ती अण्णांनाही जाणवत असावी, कारण उतारवयात, १९४४ साली, त्यांनी जातिभेद नाहीसा करण्यासाठी समता संघ काढला. माणूस ऐंशी उलटल्यावरही आपली पुढची पायरी शोधीत होता.

चार मैलांवरचे विद्यापीठ

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापन झाला, आणि काही वर्षांत ही कामे हिंगण्यातच एकत्र आली. १९१४ साली अण्णा कॉलेजातून निवृत्त झाले. दुसरा कोणी पेन्शन घेऊन गावी नारळाच्या वाडीत आरामखुर्ची टाकून बसला असता. अण्णांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक आले, आणि आपल्या देशातही बायकांसाठी विद्यापीठ हवे, त्यात मातृभाषेतून शिक्षण हवे, असा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ साली हिंगण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले, अवघ्या मूठभर विद्यार्थिनींवर. पुष्कळांना तो पोरखेळ वाटला.

१९२० साली मुंबईचे दानशूर गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाखांची देणगी विद्यापीठाला देऊ केली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच विद्यापीठ. पुढे त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला कायद्याने मान्यता मिळाली.

पंधरा लाखांची गोष्ट सगळे सांगतात. पण हिंगण्याचा संसार केवळ तशा देण्यांवर चालला नाही. दिवाळीत भाऊबीज निधीसाठी घरोघर फिरणारे कार्यकर्ते, त्यांच्या हातावर नाणे ठेवणारी साधी कुटुंबे, मुठीमुठीने जमलेला पैसा, यांवर तो चालला. ओवाळणी म्हणून अनोळखी बहिणीसाठी काही द्यावे, ही कल्पना आपल्या संस्कृतीत किती सहज बसली! मोठ्या देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते, ते योग्यच आहे. पण या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर लहान टाइपात छापलेली नावे वाचताना अण्णांचा मुरूड फंड आठवावा.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा पोहोचली नव्हती तेथे प्राथमिक शाळा काढायच्या, हा हेतू. जग फिरून आलेला हा माणूस पुन्हा खेड्यांकडे वळला.

गावाचे नगर झाले

आता हिंगण्याकडे वळू. अण्णा तेथे गेले ते गाव शहरापासून दूर होते म्हणून. पण शहर त्यांच्या मागोमाग आले. आश्रमाला जायला रस्ता झाला, पुढे वाहने आली, मुलींच्या शाळा आणि वसतिगृहे वाढली. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली आणि शहराची हद्द भोवतालच्या गावांकडे सरकू लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या जुन्या पेठा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर पुणेकर पेठा सोडून मोकळ्या जागांकडे अधिकच वळले. एरंडवणे, कोथरूड, हिंगणे, वारजे ही एकेकाळची वेगवेगळी गावे एकमेकांना जाऊन चिकटली. शेतांचे प्लॉट झाले, सहकारी सोसायट्या झाल्या, बैठ्या घरांच्या जागी मजले चढले. हिंगणे बुद्रुक शहरात गेले आणि त्याला अण्णांच्या नावाने कर्वेनगर म्हणू लागले. शहरातून तिकडे जाणारा रस्ता कर्वे रस्ता झाला. राजाराम पुलाने नदीपलीकडचा सिंहगड रस्ताही जोडला गेला.

गाव शहरात गेले की तेथे काय होते, हे मुंबईतल्या आपल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. परळ, माहीम, वरळी हीही एकेकाळची गावेच. आधी तलाठ्याच्या दप्तरातली शेते बिनशेती होतात. मग चावडी जाते, ग्रामपंचायत जाते. ओढा गटार होतो. बैलांचा पोळा मातीच्या बैलांवर येतो. मूळ गावकरी गावठाणाच्या चार गल्ल्यांत उरतो आणि भोवती हजारो नवी माणसे राहायला येतात, ज्यांना गावाचे जुने नावही माहीत नसते. कोणाचे भले होते, कोणाच्या हातचा पैसा उडून जातो आणि जमीनही जाते. मात्र बहुतेक ठिकाणी एक गोष्ट जागच्या जागी राहते, ती म्हणजे गावचे देऊळ. सीमा पुसल्या, शेते गेली, तरी उत्सवाच्या दिवशी जुनी घराणी देवळापाशी जमतात आणि गाव पुन्हा एका दिवसापुरते गाव होते.

हिंगण्यात आणखी एक गोष्ट राहिली, अण्णांची झोपडी. आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात मोठमोठ्या इमारती आहेत. १९९१ साली तेथे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. त्या इमारतींच्या सोबत ती लहान झोपडी जपून ठेवलेली आहे. पुण्यास गेलात तर अवश्य पाहून यावे. तिच्यापुढे उभे राहिले की समजते, आरंभ किती लहान होता.

अखेर

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. अण्णांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर सत्कार झाला, त्या समारंभास पंडित नेहरू उपस्थित होते. त्याच वर्षी अण्णांचे चित्र असलेले पोस्टाचे तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय एकशे चार वर्षांचे होते. मुंबईत चर्चगेटपासून रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या क्वीन्स रोडला त्यांचे नाव मिळाले. आमच्या मुंबईकर बंधू-भगिनींपैकी कितीतरी जण रोज त्या रस्त्याने जात असतील; तो आपल्या मुरूडच्या माणसाचा रस्ता आहे, हे मुलांना सांगावे.

मुरूडानेही पुढे आपल्या सुपुत्राला दूर ठेवले नाही. ज्या गावाने एकदा बहिष्कार घातला त्याच गावात आज महर्षींचे स्मारक आहे आणि बाहेरून येणाऱ्याला गावकरी ते अभिमानाने दाखवतात. गावाने चूक केली आणि गावानेच ती सुधारली. यात गावाचा कमीपणा नाही, मोठेपणा आहे. मात्र सुधारायला वेळ लागला, आणि त्या वेळात एका आईला आपल्या मुलाला पंगतीला वाढता आले नाही, हेही विसरू नये.

वाचकहो, आपल्या गावात आज पुष्कळ घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असते. तरुण मंडळी मुंबई-पुण्यात आहेत. हिंगण्याला शहराने गिळले, आपल्या गावातली माणसे शहराने नेली. गाव ओस पडण्याचे हे दोन प्रकार आहेत. अशा काळात हे देऊळ पुन्हा उभे राहिले, ते गाव सोडून गेलेल्यांनी आणि गावात राहिलेल्यांनी मिळून उभे केले. चिरा, लाकूड, कौल यांचे काम आता झाले. यापुढचे काम आपणा सर्वांचे आहे.

नव्या सभामंडपात संध्याकाळी मुलांनी अभ्यासाला बसावे. कोणी शिकलेला मुलगा वा मुलगी चार वडीलधाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवील, तर देवीला ती सेवाही आवडेल. देवीच्या दारात गावातील प्रत्येक घराला, प्रत्येक वाडीला, प्रत्येक सासुरवाशिणीला आणि प्रत्येक विधवा माउलीला सारखाच मान मिळावा. ओटी भरताना कोणाला मागे उभे राहायला लागू नये. आणि आपल्यातला एखादा मुलगा वा मुलगी उद्या आपल्या समजुतीपलीकडचे काही चांगले करू पाहील, तेव्हा ठराव करण्याची घाई आपण करू नये. एवढे झाले तर मुरूडच्या अण्णांचे चरित्र या स्मरणिकेत छापल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.